सॅन स्टॉर्म शोधताना: नागपूर–विदर्भातल्या शोधकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॅन स्टॉर्म म्हणजे नेमकी कोणती गाडी?

दोन दारांची, दोन माणसांची, कापडी टप उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार. बंगळुरूच्या ज्या उद्योगसमूहाने आधी रेल्वेची छोटी डिझेल इंजिनं बनवली, त्याच्या मोटार कंपनीने ती गोव्यात तयार केली. 1990 च्या दशकाच्या अखेरीस ती रस्त्यावर आली. बॉडी फायबरची आणि तिच्याखाली लोखंडी सांगाडा. इंजिन रेनोचं डी7एफ, म्हणजे 1149 सीसी, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, साठच्या आसपास हॉर्सपॉवर आणि पाच गिअर. आकडे मोठे नाहीत, पण गाडी हलकी असल्यामुळे चालवायला मजा येते. त्या काळी भारतात टप उघडणाऱ्या गाड्याच विरळ होत्या. आज दिसलेली प्रत्येक स्टॉर्म नोंदवून ठेवावी अशी आहे ती त्यामुळेच, आणि विदर्भातल्या अशा गाड्यांची यादी आम्ही ठेवतो.

नागपुरात शोध कुठून सुरू करायचा?

ऑनलाइन जाहिरातींपासून सुरू करू नका. तिथे आलेली गाडी साऱ्या देशाने पाहिलेली असते. जी गाडी दहा-बारा वर्षं बंगल्याच्या पोर्चमध्ये आच्छादनाखाली उभी आहे, ती माणसांकडूनच कळते. त्यासाठी ही माणसं गाठा: गाडीचे हूड आणि सीट कव्हर शिवणारे, हिंगणा एमआयडीसीत फायबरची कामं करणारे, काच बसवणारे, जुने पीयूसी केंद्रवाले आणि विम्याचे सर्व्हेअर. यांतलं कोणीही अशी गाडी एकदा हाताखालून गेल्यावर विसरत नाही. विचारताना "स्टॉर्म" म्हणून विचारलंत तर मान हलते. "छत उघडायची, फायबरची, दोन सीटवाली छोटी लाल गाडी" म्हटलंत की आठवतं. रंग लाल नसला तरी "लाल"च म्हणा. समोरचा आपणहून दुरुस्ती करतो आणि गप्पा सुरू होतात.

बदलीच्या नोकऱ्या जिथे आहेत तिथेही बघा. कामठीची छावणी, वायुसेना नगर, आयुध निर्माणी अंबाझरी, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) वसाहती. दक्षिणेतून बदलून आलेली गाडी निवृत्तीनंतर इथेच राहते. सिव्हिल लाइन्स, धरमपेठ, सदर इथल्या जुन्या बंगल्यांचे आउटहाउस पाहण्यासारखे आहेत. शोध शहरापुरता ठेवू नका. छिंदवाडा, सिवनी, रायपूर, भिलाई इथल्या गाड्या मोठ्या कामासाठी बऱ्याचदा नागपूरलाच येतात.

नंबर प्लेटवरून काही कळतं का?

बरंच. जीए 01 म्हणजे पणजी, जीए 02 म्हणजे मडगाव. केए म्हणजे कर्नाटक. आपल्याकडे एमएच 31 नागपूर शहर, एमएच 40 ग्रामीण आणि एमएच 49 पूर्व नागपूर. एमएच 49 ही मालिका पुष्कळ नंतर सुरू झाली. त्यामुळे त्या नंबरची स्टॉर्म दिसली तर ती बाहेरच्या राज्यातून येऊन इथे पुन्हा नोंदवली गेली, असं धरून चला आणि जुना नंबर मागा. तो आरसीच्या नोंदींत किंवा जुन्या विमा पॉलिसीवर मिळतो.

एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की निर्माता, मॉडेल, इंधन, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत दिसते. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं आणि ते तसंच असू द्या. नंबर टाकून काहीच आलं नाही म्हणजे गाडी बोगस, असं नव्हे. हाताने लिहिलेल्या रजिस्टरमधली जुनी नोंद संगणकावर चढलेली नसते. ती मूळ आरटीओत अर्ज करून चढवून घ्यावी लागते. कचेरीच्या भाषेत याला बॅकलॉग एंट्री म्हणतात. ही एंट्री झाल्याशिवाय मालकी बदल, एनओसी (ना-हरकत दाखला), काहीच पुढे सरकत नाही. म्हणून पैसे देण्याआधी ती विकणाऱ्याने करून घ्यावी.

एकच गाडी दोनदा मोजली जाते, ती कशी टाळायची?

मोजणी चेसिस नंबरवर करा. नंबर प्लेट, रंग, शहर, मालक, यांतलं काहीही धरू नका. पांढरी केए गाडी विकली जाते, लाल होते, एमएच होते आणि यादीत दोन गाड्या दिसू लागतात. या गाड्यांचे रंग बदलले जातात. यादीत "खात्रीच्या" आणि "ऐकीव" असे दोन रकाने ठेवा. चेसिस नंबरचा ठसा किंवा फोटो हाती आल्याशिवाय गाडी पहिल्या रकान्यात चढवायची नाही. मग ती कोणाच्याही डोळ्यांनी पाहिलेली असो.

चेसिस नंबरचा ठसा नीट कसा घ्यायचा?

सगळ्या शोधात या एका कामाला घाई नको. आधी आरसीवरचा नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, म्हणजे कुठलं अक्षर कुठे यायला हवं ते कळतं. नंबराची जागा रॉकेलमध्ये भिजवलेल्या सुती फडक्याने पुसा. चिकट काळं ग्रीस निघायला पाच-सात मिनिटं लागतात. फडकं त्या जागेवर दाबून ठेवलं की ते सुटतं. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, ग्राइंडर यांना हातही लावू नका. कडा घासल्या गेल्या की 3 चा 8 वाचला जातो, आणि आरटीओतल्या निरीक्षकाला घासलेला नंबर दिसला की संशय येणारच.

जागा कोरडी झाली की पातळ कागद दोन्ही बाजूंनी सेलोटेपने ताणून चिकटवा. साधी एचबी पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा. दाबून फिरवली तर कागद खाचेत शिरतो आणि अक्षर भरून जातं. दोन ठसे घ्या. त्यानंतर मोबाइलचा टॉर्च पत्र्याला जवळजवळ चिकटवून बाजूने मारा आणि फोटो काढा. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट दिसतं. बाजूच्या उजेडात प्रत्येक आकड्याची सावली पडते. अक्षरांची खोली आणि अंतर एकसारखं आहे का, आजूबाजूला वेल्डिंगची रेघ आहे का, ते याच फोटोत कळतं. रिबिटने बसवलेली पट्टी हा दुय्यम पुरावा धरा, कारण पट्टी काढून दुसरीकडे लावता येते.

ही खरी स्टॉर्म की कुणी मारुती कापून बनवलेली?

बाहेरून चुंबक लावून बघण्याचा सल्ला सगळे देतात. तो अपुरा आहे. चुंबक चिकटला नाही तर फायबर आहे एवढंच ठरतं, आणि फायबरची बॉडी कुणीही मारुती 800 वर चढवू शकतो. वाकून खाली बघा. पत्र्याचा तळ, मारुतीचे सस्पेन्शनचे सांधे, मारुतीचं पेडल बॉक्स दिसलं तर प्रश्न मिटला. बॉनेट उघडून इंजिनाच्या ब्लॉकवरची खूण वाचा. डी7एफ अशी अक्षरं दिसायला हवीत.

खऱ्या स्टॉर्ममध्येही दुसरं इंजिन सापडू शकतं. रेनोचे सुटे भाग न मिळाल्याने कुणीतरी मारुतीचं बसवलेलं असतं. अशी गाडी यादीत घ्या, पण "इंजिन बदललेलं" असा शेरा मारून. विकत घ्यायची असेल तर नव्या इंजिनाचा नंबर आरसीवर चढला आहे का ते पाहा. परवानगीशिवाय केलेला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडतो. नोंदणीच्या नूतनीकरणाच्या दिवशी ती गाडी आरटीओच्या मैदानातूनच परत येते.

फायबर बॉडी तपासताना काय बघायचं?

पाच रुपयांचं नाणं घ्या आणि त्याच्या कडेने सगळीकडे टकटक करा. चांगल्या फायबरचा आवाज कडक येतो. भद्द आवाज आला तर तिथे थर सुटले आहेत किंवा आत लांबीचा (पुट्टीचा) जाड थापा आहे. बिजागऱ्या, हेडलाइटच्या कडा, बॉनेटचं कुलूप आणि बॉडी सांगाड्याला जिथे बोल्टने आवळली आहे त्या जागा आधी बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे वरच्या जेलकोटपुरते (गुळगुळीत थरापुरते) असतील तर काळजी नाही. नख अडकलं तर तडा आत गेला आहे. बोल्टभोवती चांदणीसारखे तडे असतील तर खालचा सांगाडा पिळलाय का बघा, कारण फायबर विनाकारण तिथे फाटत नाही. नागपूरच्या उन्हात वर्षानुवर्षं उभी गाडी वरून खडूसारखी पांढरट होते. ते बहुतेक वेळा कंपाउंड घासून निघतं.

दुरुस्तीचं काम फायबरवाल्याला दिलं तरी प्रमाण स्वतःला माहीत असावं. एक चौरस फूट ठिगळाला 450 जीएसएमच्या (चौरस मीटरला 450 ग्रॅम) चॉप्ड मॅटचे तीन थर लागतात, म्हणजे साधारण 125 ग्रॅम मॅट. त्याला सुमारे 280 ते 300 ग्रॅम पॉलिस्टर रेझिन. तड्याच्या दोन्ही बाजू तिरक्या घासून घ्यायच्या: जाडीच्या निदान दहा-बारा पट रुंद उतार हवा. नुसती भेग भरली तर पुढच्या खड्ड्यात ती पुन्हा त्याच रेषेत उघडते. हार्डनर थंडीत दोन टक्के, एप्रिल-मेमध्ये एक टक्का, म्हणजे 300 ग्रॅमला जेमतेम 3 ग्रॅम. भर उन्हाळ्यात दुपारी दोन टक्के घातलं तर डब्यातच गोळा होतो आणि डबा हाताला चटका देतो. पहाटेच काम उरका. एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका: हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रव्य) कधीही थेट एकत्र करायचे नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर.

फायबर गंजत नाही, मग घाई कसली?

फायबर गंजत नाही, म्हणूनच त्याखालचा गंज दिसत नाही. टपाच्या शिवणीतून आलेलं पाणी कार्पेटखाली साचतं आणि सांगाडा आतून खातं. कार्पेट उचला, दोन्ही सीटच्या खाली बोट दाबा, ओल लागली तर थांबा. सांगाड्याच्या नळ्या आणि सस्पेन्शनचे सांधे जाड स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. गंजलेल्या जागी टोक आत जातं. कधी भोकावर फायबरचं ठिगळ मारून काळा रंग दिलेला असतो. इथे मात्र चुंबक उपयोगी: जिथे लोखंड हवं तिथे तो चिकटला नाही तर ठिगळ आहे. किनाऱ्यावर राहिलेली गाडी आणि विदर्भात राहिलेली गाडी यांत सांगाड्यापुरती विदर्भाची केव्हाही बरी. रबर, टप आणि डॅशबोर्ड मात्र आपल्या उन्हाने खाल्लेले असतात. ते पुन्हा बनवून घेता येतात.

लाइट मिणमिणतात, इंडिकेटर लावला की पार्किंग लाइट पेटतो. वायरिंग पूर्ण बदलू?

आधी अर्थिंग बघा. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थ असते. फायबरमधून वीज जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याची स्वतंत्र अर्थ वायर सांगाड्यापर्यंत जाते. ती गंजली की करंट दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो. दिवा चालू ठेवून त्याचं अर्थ टोक आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांमध्ये मल्टिमीटर लावा. पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर टोक घासून, नवं लग लावून आवळा. पूर्ण वायरिंग बदलण्याचा सल्ला देणारा इलेक्ट्रिशियन हे मोजल्याशिवाय बोलत असेल तर दुसरा बघा.

अनेक वर्षं उभ्या गाडीला लगेच सेल्फ मारायचा का?

मुळीच नाही. मालक हौसेने "बघा, एका सेल्फमध्ये उठते" म्हणतात, त्यांना प्रेमाने थांबवा. क्रम असा:

जुनं पेट्रोल टाकीतून पूर्ण काढा. वास व्हार्निशसारखा असेल तर टाकी उतरवावीच लागेल. इंधनाचे रबरी पाइप सगळे बदला. हल्ली पंपावर ई20 (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि त्या काळचं रबर इथेनॉलसाठी बनलेलं नव्हतं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर ठेवा. टायमिंग बेल्ट दिसायला कसाही असो, वयावर बदला. उघडलंच आहे तर वॉटर पंप आणि टेन्शनरचा आवाजही बघा. मग क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर नको. नवं ऑइल आणि फिल्टर घालून, प्लग बाहेरच ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ द्या. त्यानंतर प्लग आणि पेट्रोल.

सेल्फ फिरतो, पेट्रोल येतं, पण ठिणगी नाही, असं झालं की पहिला संशय फ्लायव्हीलजवळच्या क्रँक सेन्सरवर घ्या. त्या काळच्या रेनोंचं हे जुनंच दुखणं. बऱ्याचदा सेन्सर ठीक असतो आणि त्याचा कनेक्टर सैल झालेला असतो. काढा, स्वच्छ करा, पिना हलकेच आवळा. ईसीयू (इंजिनाचा संगणक) बदलण्याच्या गोष्टी त्यानंतर.

सुटे भाग लोगनचे चालतात ना?

नाही, आणि या गैरसमजात लोकांचे पैसे गेलेत. 2007 मध्ये भारतात आलेल्या लोगनची पेट्रोल इंजिनं रेनोच्या के मालिकेतली, 1.4 आणि 1.6 लिटरची. डी7एफचं हेड गॅस्केट, बेल्ट, पंप वेगळे. मागवायचे तर युरोपातल्या क्लिओ आणि ट्विंगोचे, 1.2 लिटर आठ व्हॉल्व्हच्या इंजिनाचे. सोळा व्हॉल्व्हचं डी4एफ वेगळं, ऑर्डर देताना हे लिहून द्या. बेअरिंग आणि ऑइल सील साठी मात्र परदेश नको. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो आणि सील आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी या तीन मापांवर मिळतं. व्हर्नियर घेऊन दुकानात जा, गाडीचं नाव सांगायची गरजच नाही.

गिअरबॉक्सवर जेबी मालिकेची खूण असेल तर डाव्या अ‍ॅक्सलचं रबरी बूट आठवणीने तपासा. गिअरबॉक्सकडचं ते बूट नुसतं धुळीसाठी नसतं, ऑइल अडवण्याचं कामही तेच करतं. फाटलं की ग्रीसऐवजी गिअर ऑइल वाहून जातं, आणि पुढे आवाज येतो तेव्हा उशीर झालेला असतो. पुढची काच सगळ्यांत अवघड, तिला धक्का लागू देऊ नका.

बाहेरच्या राज्यातली गाडी नागपुरात नावावर करायला काय लागतं?

मूळ आरटीओची एनओसी फॉर्म 28 वर, मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30, नवा नंबर घेण्यासाठी फॉर्म 27. जुनं कर्ज आरसीवर चढलेलं असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र. बँक विलीन झाली असेल तर नव्या बँकेकडून. मालक वारले असतील तर फॉर्म 31, आणि सगळ्या वारसांची संमती आधी. एकाच मुलाशी व्यवहार करून गाडी उचलू नका. चोरीची नोंद नाही ना, हे एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या) वाहन समन्वय पोर्टलवर चेसिस आणि इंजिन नंबर टाकून बघा. बाहेरचा नंबर इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

पंधरा वर्षं उलटलेली असल्याने फॉर्म 25 वर नूतनीकरण लागतं, ते पाच वर्षांसाठी मिळतं. त्यासोबत पर्यावरण कर आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क 10,000 रुपये आणि आयात केलेल्या चारचाकीचं 80,000 रुपये आहे. स्टॉर्म भारतात बनलेली आहे. तरी रेनोचं इंजिन पाहून कुणी "इम्पोर्टेड" असं टाइप केलेलं नाही ना, हे आरसीवर आधीच बघा.

व्हिंटेजमध्ये नोंदवता येईल?

इतक्यात नाही. 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात.

मालकाशी पहिलं बोलणं कसं करावं?

"विकायची आहे का?" हा पहिला प्रश्न ठेवलात की दार बंद. किंमत मनातल्या मनात दुप्पट होते किंवा माणूस दुखावतो. "काका, तुमच्याकडची ती छोटी गाडी स्टॉर्म ना? आम्ही विदर्भातल्या गाड्यांची नोंद ठेवतो, चेसिस नंबर बघू द्याल का?" एवढं पुरे. फोन करून जा, दुपारी दोन ते चार टाळा. आच्छादन मालकाच्या हातानेच निघू द्या. जुनी बिलं, सर्व्हिस बुक, दुसरी किल्ली, कापडी टपाचे बटण-पट्टे, हार्डटॉप माळ्यावर आहे का, हे त्याच भेटीत विचारा. गाडी विकली जाते आणि हार्डटॉप माळ्यावरच राहतो.

गाडी नागपूरला आणायची कशी?

बंगळुरूहून राष्ट्रीय महामार्ग 44 सरळ येतो म्हणून चालवत आणायचा मोह होतो. नको. बंद कंटेनर किंवा फ्लॅटबेड ठरवा. पट्टे चाकांवरून आवळायला सांगा. बंपरला किंवा फायबरच्या कडेला हूक लावला तर पहिल्याच गतिरोधकावर तुकडा निघतो. पुढचा भाग खाली आहे, म्हणून चढवायला निदान आठ फुटी फळ्या लावा. ट्रान्झिट विमा वेगळा घ्या. पाच वर्षांवरच्या गाडीची विमा किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते, तेव्हा गाडी निघण्याआधी सगळ्या बाजूंचे फोटो काढा.

इथल्या उन्हाळ्यात ठेवायची कशी?

सावलीत, हवा खेळती ठेवून, सुती आच्छादनाखाली. ताडपत्रीखाली पावसाळ्यात ओल कोंडते. टप चढवून ठेवा, कारण दुमडून ठेवलेल्या टपाची प्लॅस्टिकची मागची खिडकी घडीवर तडकते. बॅटरीचं निगेटिव्ह काढा. एअर फिल्टरच्या नळीला जाळी लावा. उंदीर आणि खारी तिथेच घर करतात. टायरवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. नक्षी शाबूत दिसली तरी दहा वर्षांचा टायर रस्त्यावर नको.

चिंकारा रोडस्टरही याच यादीत घ्यावी का?

वेगळी यादी करा. अलिबागजवळ बनलेली ही गाडी लोटस सेव्हनच्या धाटणीची, चाकं बॉडीच्या बाहेर, इसुझूचं 1.8 लिटर इंजिन. म्हणजे जे कॉन्टेसात होतं ते, त्यामुळे इंजिनाचे भाग तुलनेने सहज मिळतात. लोक बोलताना दोन्हींची गल्लत करतात. "चाकावरचा मडगार्ड सुटा होता का?" एवढं विचारलं की उलगडा होतो.

भंगारात गेलेल्या गाडीची नोंद ठेवायची?

हो, तारीख आणि चेसिस नंबरासकट. नाहीतर तोच नंबर पुढे दुसऱ्या सांगाड्यावर फिरताना दिसला तर कळणार कसं? भंगारात निघालेले दिवे, काचा, डी7एफचे भाग कुठे गेले तेही लिहा.

गाडी रस्त्यावर उभी दिसली, मालक जवळ नाही. काय करू?

रस्त्यावरूनच चार बाजूंचे फोटो, तारीख, ठिकाण. झाकलेली असेल तर आच्छादनाला हात लावू नका, आवारात शिरू नका. चिठ्ठीवर आपलं नाव, नंबर आणि "गाडीची माहिती हवी आहे, खरेदीसाठी नाही" असं लिहून चौकीदाराजवळ द्या. वायपरखाली खोचलेली चिठ्ठी वाऱ्याने जाते. यादीत मोहल्ल्याचं नाव पुरे. घर नंबर लिहायचा नाही.